दार लावून विचारायचा प्रश्न

जखम घेऊन येणारा माणूस सोबत एक गोष्टही घेऊन येतो. तीसेक वर्षं ड्रेसिंग रूममध्ये काढल्यावर मला जखमेबरोबर गोष्टही तपासायची सवय लागली. दारू पिऊन गाडीवरून पडलेल्या माणसाला नेहमी कुत्रं आडवं आलेलं असतं. नवऱ्यानं मारलेली बाई पायरीवरून घसरलेली असते. एकदा तर भर वरातीतून नवरदेव आला. घोडीवरून पडला होता, पण सांगत होता की मांडवाचा बांबू लागला. "सिस्टर, पट्टी अशी बांधा की फेट्याखाली गेली पाहिजे," असं तो हात जोडून म्हणाला. बांधली तशी. फोटोत दिसली नाही म्हणे.

उस्मानपुऱ्यातल्या एका मध्यम आकाराच्या दवाखान्यात मी नर्स होते. राहायला बजाजनगरात, त्यामुळं रोज सिटी बसनं जाणंयेणं. ड्रेसिंग रूम म्हणजे एक टेबल, एक ट्रॉली, एक दिवा आणि नीट न लागणारं एक दार. टाके डॉक्टर घालतात, पण त्याआधीचं अन् नंतरचं सगळं सिस्टरचं. जखम धुणं, पट्टी बदलणं, टाके काढणं, आणि हे सगळं करताना समोरच्याला बोलतं ठेवणं. हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण निम्मं काम तेच होतं.

मशीनमध्ये बोट सापडलेले वाळूजचे कामगार, संक्रांतीला मांज्यानं कापलेले लोक, यांच्यावर लिहायचं तर अख्खा अंक भरेल. मी लिहिणार आहे ते स्वतःच स्वतःला इजा करून घेणाऱ्या पोरापोरींबद्दल. असे पेशंट येतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्याबद्दल आम्ही चहाच्या वेळी कुजबुजायचो, त्यापलीकडं काही नाही. यातली नावं मी बदलली आहेत.

आधी माझी चूक सांगते.

नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील. बारावीतली एक मुलगी आली, सोबत तिची आई. जखम बघितल्यावर ती अपघाताची नाही हे कळत होतं. मी सुन्न करायचं इंजेक्शन भरून ट्रॉलीवर ठेवलं. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी जखम बघितली आणि म्हणाले, "सुन्न कशाला करताय? हौसेनं केलंय ना? कळू द्या जरा."

मी काय करायला पाहिजे होतं हे आज मला नीट सांगता येतं. त्या दिवशी मी इंजेक्शन उचलून बाजूला ठेवलं. एवढंच नाही, तर टाके चालू असताना वरून त्या मुलीला बोललेही. "आईबापाचा काही विचार? किती खस्ता खाऊन शिकवतात तुला." आई डोळ्याला पदर लावून उभी होती. मुलगी ओरडली नाही, हात ओढून घेतला नाही. सगळं झाल्यावर शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे, सिस्टर. माझ्यासारखीला असंच पाहिजे."

टाके काढायला ती आली नाही. आठवडाभर मी वाट बघितली. केसपेपरवरचा पत्ता अर्धवट होता. तिचं पुढं काय झालं हे मला माहीत नाही. आपण तिला अद्दल घडवली असं आम्हाला वाटलं होतं. तिनं घेतलं ते एवढंच की आपण दुखवून घ्यायच्याच लायकीचे आहोत, आणि आता तर दवाखान्यानंही त्यावर शिक्का मारला.

पुढं बरीच वर्षं मी माझ्या परीनं "सुधारून" काम करत होते. ओरडणं सोडलं, मायेनं बोलायला लागले. शेवटी पोराचा हात हातात घ्यायचा आणि शपथ घ्यायला लावायची, "घे आईची शपथ, परत असं करणार नाही." पोरं घ्यायची शपथ. मला बरं वाटायचं. परत कोणी फारसं यायचं नाही, तर मला वाटायचं शपथ लागू पडली.

आमच्याकडं गार्गी मॅडम समुपदेशक म्हणून आल्या तेव्हा माझी ही समजूत मोडली. मॅडम म्हणजे काय, सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, पुण्यात शिकून आलेली, जिन्याखालच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसायची. ही आपल्याला काय शिकवणार, असं मला वाटलं हे कबूल करते. एक दिवस तिनं मला शपथ घ्यायला लावताना बघितलं. नंतर चहा घेताना विचारलं, "सिस्टर, शपथ मोडली तर ते पोरगं कुठं जाणार?"

"म्हणजे?"

"त्याच्या हातून परत झालं, तर तुमच्याकडं येईल का ते? आईची शपथ मोडून?"

पोरं परत येत नव्हती त्याचा हिशेब मी उलटा लावत होते.

गार्गीनं मला हळूहळू चार गोष्टी शिकवल्या. जखमेवरचे उपचार इतर कुठल्याही जखमेसारखेच करायचे, दुखणं कमी करायचं. विचारायचं ते एकट्यात, सोबतच्या माणसाला बाहेर पाठवून. 'का केलं' असं पहिल्यांदा विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं आणि त्या प्रश्नात आरोप असतो. आणि मरावंसं वाटतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारायचं. या शेवटच्याला मी घाबरले. म्हटलं, "नसलेली गोष्ट आपणच डोक्यात घालायची का?" ती म्हणाली, "विचारल्यानं कोणाच्या डोक्यात येत नाही, सिस्टर. आधीच असेल तर सांगायला जागा मिळते."

प्रणिता माझ्याकडं आली ती यानंतर, एका एप्रिलमध्ये.

पडेगावहून तिची काकू तिला घेऊन आली. अकरावी सायन्सची मुलगी, ऐन उन्हात पूर्ण बाह्यांचा ड्रेस. काकूनं गोष्ट सांगितली, "गच्चीवर कपडे वाळत घालताना तार लागली हो. तीन दिवस सांगितलंच नाय पोरीनं. आता सुजलं तवा कळलं." जखम तारेची नव्हती, आणि ती एकच नव्हती. मी काकूला केसपेपर काढायला पाठवलं. आमच्या खिडकीवरची रांग कधीच लवकर सरकायची नाही, त्या दिवशी तिचा उपयोग झाला. मग दार लावलं, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला, म्हणजे ते उघडत नाही.

"मी आता हे धुणार आहे. थोडं चुरचुरेल. मधे थांबायचं असलं तर थांब म्हण," मी म्हणाले.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही ओरडा ना काय ओरडायचं ते."

"मी नाही ओरडणार. हे तारेनं झालेलं नाही एवढं मला दिसतंय. बाकी तुला सांगावं वाटलं तर सांग."

पट्टी बांधताना ती म्हणाली, "घरी सांगणार?"

इथं मला पूर्वीची मी आठवली. पूर्वी मी "नाही गं, कोणाला नाही सांगणार" म्हणून मोकळी झाले असते. गार्गीनं सांगितलं होतं की न पाळता येणारा शब्द देऊ नका. म्हणून मी म्हणाले, "तू बोलशील ते मी चार लोकांत सांगत फिरणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. तेव्हा सांगावंच लागेल, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन."

तिनं विचार केला. मग मी तो प्रश्न विचारला. "प्रणिता, मरावंसं वाटतं का?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "नाही. खरंच नाही. डोक्यात लई गोंधळ होतो ना सिस्टर, मग थोडा वेळ शांत होतं. परत सुरू होतं."

त्या दिवशी एवढंच. जिन्याखाली एक मॅडम बसतात, त्यांचं कामच हे आहे, भेटशील का म्हणून विचारलं. 'बघते' म्हणाली. बघते म्हणजे नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. मग मी जरा लबाडी केली. दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला यायचं, असं काकूला बजावून सांगितलं. खरं तर चार दिवसांतून एकदा पुरलं असतं. पण घरून निघायला पोरीला काहीतरी कारण लागतं, आणि पट्टी हे मोठं सभ्य कारण आहे. तिसऱ्या खेपेला ती आपणहून जिन्याखाली गेली.

पुढच्या दीड महिन्यात गार्गीला जे कळलं त्यातलं थोडं प्रणितानंच मला सांगितलं. तिचे वडील गंगापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले, वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. घराण्यात सायन्सला जाणारी ही पहिलीच. पहिल्या चाचणीत ती फिजिक्समध्ये नापास झाली आणि घरी चांगले मार्क सांगितले. वडिलांनी दुसऱ्या दिवशी कंपनीत पेढे वाटले. चाचणीचे पेढे! त्यांना आनंदच तेवढा झाला होता. त्या पेढ्यांनंतर तिला मागं फिरता येईना. दर महिन्याला नवे मार्क बनवायचे आणि ते लक्षात ठेवायचे. गार्गी मला म्हणायची की कारण कधी एकच नसतं, मार्कांच्या मागंही अजून बरंच असतं. असेल. पण मला ते पेढे समजले.

मेच्या शेवटी जखमा भरल्या. नव्या दिसत नव्हत्या. मी गार्गीला म्हणाले, "झालं बरं हिचं." ती म्हणाली, "बरं होतंय, सिस्टर. झालं नाही." मला वाटलं, शिकलेल्या लोकांना सरळ आनंद करता येत नाही.

जूनमधल्या एका दुपारी प्रणिता एकटीच आली. पडेगावहून रिक्षा बदलत. माझ्या टेबलावर बसली आणि बाही वर केली.

आता जे झालं ते लिहायला मला जड जातंय, पण तेच लिहायसाठी हा लेख कबूल केला आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, एवढं सगळं करून परत?"

बस्स, एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. बाही खाली ओढली, टेबलावरून उतरली, म्हणाली, "सॉरी सिस्टर. चुकून आले." आणि दाराकडं वळली.

मी दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "थांब. माझं चुकलं. तू इथवर आलीस आणि मी काय बोलून बसले. बस खाली, मला दुसऱ्यांदा नीट विचारू दे."

मी माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्या पेशंटची अशी माफी मागितली नव्हती. माफी डॉक्टर मागत नाहीत, सिस्टर मागत नाहीत, पेशंट मागतो, अशी आमची पद्धत. प्रणिता मग बसली. मी जखम सुन्न करायला सांगितली, आमच्या तरुण डॉक्टरांनी दोन टाके घातले. ते गेल्यावर मी दाराखाली पुठ्ठा सरकवला आणि विचारलं, "मागं विचारलं होतं तेच परत विचारते. मरावंसं वाटतं का?"

जमिनीकडं बघत ती म्हणाली,

"हो. परवापासून."

"काही ठरवलंयस?"

तिनं हो म्हणून मान हलवली. निकालपत्र दोन दिवसांत घरी जाणार होतं.

मी म्हणाले, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. आता मी तुला एकटं सोडणार नाही. आणि आता मला घरी सांगावं लागणार."

ती एकदम उसळली. "तुम्ही म्हणाल्या होत्या सांगणार नाही! तुमच्यावर भरोसा ठेवून आले मी!"

"मी काय म्हणाले होते ते आठव."

ती रडायला लागली. तिला आठवत होतं. मी पहिल्याच दिवशी गोड खोटं बोलले असते, तर त्या क्षणी तिच्यासमोर उभं राहायला मला तोंड उरलं नसतं.

मी तिला सोडून हलले नाही. दारातून हाक मारून गार्गीला बोलावलं, गार्गीनं मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तपासून दाखल करून घ्यायला सांगितलं. वडिलांना काय सांगायचं आणि काय तिनं स्वतः सांगायचं, हे गार्गीनं तिच्याशी बोलून ठरवलं. मार्कांचं तिनंच सांगायचं ठरलं. जिवाचं आम्ही.

वडील कंपनीच्या कपड्यांतच आले. पहिल्यांदा चिडले. "काय कमी केलं हो आम्ही हिला? मोबाईल दिला, क्लास लावला, स्वतंत्र खोली दिली. आता गावाकडं नेतो, बंद शिक्षण. खोलीचं दारच काढून टाकतो. आणि पोलीस केस झाली तर? लग्न कोण करील हिच्याशी?"

मी म्हणाले, "दादा, बसा आधी. कमी केलं म्हणून झालेलं नाय हे. आणि ती काही गुन्हेगार नाय, आता कायदाही तसं मानत नाही. पोरगी आजारी आहे, आणि मुख्य म्हणजे वेळेवर आपल्या पायानं आली आहे. अशा किती येतच नाहीत."

ते बसले. मग आत जाऊन आले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा मार्कांचं त्यांना कळलं होतं. बाकावर बसून भिंतीकडं बघत राहिले. "मी पेढे वाटले, सिस्टर," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "मी आता काय बोलू तिच्याशी?"

"आज काही समजावू नका. जवळ बसा. जेवली का विचारा. आणि गार्गी मॅडम सांगतील तसं घरातली औषधं, फवारणीचं काही असेल ते, सगळं कुलपात ठेवा. काही दिवस तिला एकटं ठेवायचं नाही. पण पहारा केल्यासारखंही नाही."

"हे कसं जमायचं?"

"जमत नाही नीट कोणालाच. तरी करायचं."

तो माणूस तिच्या खाटेजवळ बसला. त्यानं तासाभरात चार वेळा "पाणी देऊ का?" विचारलं. प्रणिता भिंतीकडं तोंड करून. तिसऱ्या दिवशी मी तिची पट्टी बघायला गेले होते तेव्हा तो खाली मान घालून म्हणत होता, "कंपनीतल्या लोकांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. पेढ्याचं तू नको टेन्शन घेऊ." ती त्याच्याकडं वळली नाही, पण खांदे हलायला लागले. मी पट्टी न बघताच परत फिरले.

माझ्याशी मात्र ती महिनाभर बोलली नाही. गार्गीकडं यायची, औषधं चालू होती, माझ्या दारावरून सरळ पुढं जायची. मला लागलं. गार्गी म्हणाली, "तिला तुमच्यावर रागवायची सोय आहे, सिस्टर. असू दे." आणि मग एक गोष्ट म्हणाली जी मला आधी सुचली नव्हती. एप्रिलमध्ये प्रणितानं तीन दिवस लपवलं होतं, सूज आल्यावर दुसऱ्या कोणीतरी आणलं होतं. जूनमध्ये ती एकटी, जखम झाली त्याच दुपारी, खरं सांगायला आली. मला जे 'परत' वाटलं होतं, ते तिच्या बाजूनं पुढं टाकलेलं पाऊल होतं. आणि मी ते जवळजवळ माघारी पाठवलं होतं.

एका दुपारी तिनं दारातून डोकं घातलं आणि विचारलं, "सिस्टर, हे व्रण फिके व्हायला किती दिवस लागतात?" मी म्हणाले, "बस, सांगते." झालं आमचं बोलणं सुरू.

तिनं सायन्स सोडलं, एक वर्ष गेलं. घरात त्यावरून भांडणं झाली, आजीनं देव पाण्यात घातले, काकूनं अजून काही सुचवलं. वडील दर पंधरा दिवसांनी गार्गीसमोर येऊन बसायचे, एकदाही चुकले नाहीत. मधे दोनदा तिचा तोल गेला. एकदा इजा करून घेतल्यावर फोन आला, दुसऱ्यांदा करून घेण्याआधी. दुसऱ्या वेळचा फोन आल्यावर गार्गीनं मला चहा पाजला.

निवृत्तीनंतर नर्सिंगच्या मुलींसमोर कधीकधी बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगते की तुम्ही काही डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, पोराच्या मनातलं सगळं तुम्हाला सोडवायचं नाही. तुमच्या वाट्याला आलेली वीस मिनिटं अशी वापरा की ते पोरगं परत दवाखान्यात यायला लाजणार नाही. ज्या डॉक्टरांनी सुन्न करू नका म्हटलं, तसे कोणी अजून भेटले तर काय करायचं, असंही मुली विचारतात. मी म्हणते, इंजेक्शन हातातच ठेवा आणि उभ्या राहा. मला हे सांगायचा हक्क नाही असं वाटतं, तरी सांगते.

मागच्या महिन्यात एका मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, ती प्रणिता पूर्ण बरी झाली का?"

पूर्ण म्हणजे काय, हे मला ठरवता येत नाही. मी तिला खरं ते सांगितलं. प्रणिता आता पुण्यात इंटिरियर डिझाइनचा कोर्स करते, हॉस्टेलवर राहते. गेल्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. मेसच्या वरणात पाणीच असतं, भात कच्चा असतो, मेसवाल्या काकू विचारलं की अंगावर येतात, आणि शेजारच्या खोलीतली पोरगी पहाटे पाचला मिक्सर लावते. पंचवीस मिनिटं ती नुसती तक्रार करत होती. मी मधे एकदाही थांबवलं नाही. तव्यावरची भाकरी पार कोळसा झाली.